साडेतीनशे किलो मीठ आणि तरीही हिरवं पाणी: लोणावळ्याच्या एका पूलचं प्रकरण

तुंगार्लीच्या बाजूचा एक बंगला. मालक ठाण्याचे, शनिवार-रविवार बंगला भाड्याने देतात. मागे १२ बाय ६ मीटरचा, मोझॅक टाइल्सचा पूल आहे. सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे पाणी जवळपास एक लाख लिटर. हिशेबाला हा आकडा फार सोयीचा, कारण एक लाख लिटरमध्ये १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) म्हणजे बरोबर १०० ग्रॅम. पुढे बरीच आकडेमोड आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मे महिन्यात मालकांनी सॉल्ट क्लोरिनेटर बसवून घेतला. बसवणाऱ्याने ५० किलोच्या सात गोण्या पाण्यात रिकाम्या केल्या, मशीन १०० टक्क्यांवर लावलं आणि "आता केमिकलची कटकट संपली" असं सांगून तो गेला. जून उजाडेपर्यंत पाणी हिरवट झालं होतं आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत शेवाळ धरलं होतं. रिटर्नच्या (पाणी पूलमध्ये परत येतं त्या पाइपच्या) तोंडातून पांढरे पापुद्रे येऊन तळाशी साचत होते आणि मशीनवर मीठ जास्त असल्याचा लाल दिवा लागला होता. मालकांचं म्हणणं, मशीन डिफेक्टिव्ह आहे, बदलून घ्यायला मदत करा.

मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. ते चुकीच्या पाण्यात आणि चुकीच्या महिन्यात सुरू केलं होतं.

मशीन नेमकं करतं काय

"मिठाचा पूल म्हणजे क्लोरीन नसलेला पूल" ही विक्रेत्यांची आवडती थाप आहे. सॉल्ट क्लोरिनेटर हा क्लोरीनचाच कारखाना असतो, फक्त तो पाइपमध्ये बसवलेला असतो. रुथेनियम-इरिडियमचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून (या पट्ट्यांचा डबा म्हणजे सेल) खारं पाणी जातं आणि विजेने मिठातला क्लोराइड क्लोरीन होतो. हा क्लोरीन पाण्यात जंतू मारतो आणि काम संपलं की पुन्हा क्लोराइड होतो. म्हणून मीठ संपत नाही. ते कमी होतं फक्त पाणी बाहेर गेल्याने: बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं), उडालेलं पाणी, गळती आणि पावसाचा ओव्हरफ्लो. यातलं शेवटचं कारण लोणावळ्यात सगळ्यांत मोठं, आणि तेच कोणी विचारात घेतलं नव्हतं.

लिटरला साधारण ३ ते ३.५ ग्रॅम मीठ या मशीनला पुरतं. समुद्रात ३५ ग्रॅम असतं, आपल्या अश्रूंत नऊच्या आसपास. त्यामुळे नीट चालवलेल्या मिठाच्या पूलमध्ये डोळे चुरचुरत नाहीत, हे खरं आहे. फक्त "नीट चालवलेल्या" हे शब्द जाहिरातीत नसतात.

जूनमधले आकडे

केअरटेकरकडे दोन नळ्यांचं नेहमीचं किट होतं. क्लोरीनच्या नळीत पाणी छान पिवळं होत होतं, म्हणून त्याच्या मते क्लोरीन भरपूर होता. त्या पिवळ्या रंगाच्या किटमध्ये एकूण क्लोरीन दिसतो. मोकळा किती आणि घाम-युरियाला बांधला गेलेला, निकामी किती, हे त्यात कळत नाही. गुलाबी रंग येणाऱ्या डीपीडी चाचणीत मोकळा क्लोरीन जेमतेम ०.५ पीपीएम निघाला. पूलला जो उग्र "क्लोरीनचा वास" येत होता, तोही निकामी क्लोरीनचाच. मोकळा क्लोरीन पुरेसा असलेल्या पूलला जवळपास वास नसतो.

पीएच ८.३. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद, २४०. कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे विरघळलेलं कॅल्शियम, ४२०. मीठ ४४००. तांबं ०.५. पीएच सोडून सगळं पीपीएममध्ये.

आणि स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अॅसिड, १६०. हा आकडा सरळ चाचणीत मिळत नाही. नळीतला काळा ठिपका दिसेनासा होण्यावर ती चाचणी चालते आणि १०० च्या वर तिचा भरवसा नसतो. पूलचं पाणी निम्मं साधं पाणी घालून पातळ करायचं, चाचणी करायची आणि उत्तर दुप्पट धरायचं. बसवणाऱ्याने स्टॅबिलायझर मोजलाच नव्हता. मीठही आधी किती आहे ते न मोजता, पूल कोरा समजून गोण्या ओतल्या होत्या. साडेतीनशे किलो म्हणजे ३५०० पीपीएम, आणि पाण्यात आधीचं ९०० होतंच. आठ महिने क्लोरीन आणि अॅसिड घातलेल्या पाण्यात मीठ आपोआप साठतं.

१६० स्टॅबिलायझर आला कुठून? ऑक्टोबरपासून मेपर्यंत फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात) टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन सोडणाऱ्या, गोळ्या चालू होत्या. आपल्याकडे बहुतेक बंगल्यांत हीच पद्धत, कारण गोळी टाकली की दोन-तीन दिवस बघायला नको. पण टीसीसीएच्या निम्म्याहून जास्त वजन सायन्युरिक अॅसिडचंच असतं. एक किलो गोळ्यांमागे या पूलमध्ये स्टॅबिलायझर साडेपाच पीपीएमने वाढतो. क्लोरीन उडून जातो, हा मात्र पाण्यातच राहतो. आठ महिन्यांत तीस किलो गोळ्या गेल्या असतील तर १६० चा हिशेब बिनचूक जुळतो. केअरटेकरने डबे मोजून दाखवले, जवळपास तेवढेच होते.

स्टॅबिलायझर क्लोरीनला उन्हापासून वाचवतो, म्हणून थोडा हवाच. पण तो क्लोरीनला धरूनही ठेवतो. मिठाच्या पूलमध्ये मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या निदान ५ टक्के असावा लागतो. १६० ला म्हणजे ८ पीपीएम. आता मशीनकडे बघा: क्षमता तासाला २० ग्रॅम, पंप रोज आठ तास. म्हणजे दिवसाला १६० ग्रॅम, म्हणजे १.६ पीपीएम. शेवाळाने एकदा जोर धरला की तेवढा क्लोरीन ते रोज खाऊन टाकतं. त्या पाण्यात दुसरं, तिसरं, कितवंही नवं मशीन बसवलं असतं तरी पाणी हिरवंच राहिलं असतं.

तांब्याचं उत्तर केअरटेकरने आपणहून दिलं. "पाणी हिरवं दिसलं की मी मोरचूद टाकतो साहेब, गावाकडं विहिरीत टाकतात तसं." मोरचुदाने शेवाळ मरतं, यात शंका नाही. पण तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की टाइल्सच्या सांध्यांत काळपट-हिरवा डाग बनून बसतं आणि गोऱ्या पाहुण्यांचे सोनेरी केस हिरवे करतं. मिठाच्या मशीनवाल्या पूलमध्ये पीएच सतत वर सरकत असतो, तिथे तर ते नकोच.

पांढरे पापुद्रे

पाणी खडा (कॅल्शियमचा पांढरा थर) धरणार की सिमेंट खाणार, हे सांगणारा निर्देशांक लँगेलियर यांनी १९३६ साली मांडला, तोही शहराच्या पाइपांसाठी. पूलवाल्यांनी तो उचलला. पीएच, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि विरघळलेले क्षार यांचा तो एकत्रित हिशेब आहे. शून्याच्या आसपास आला की पाणी संतुलित. मशीन असेल तर मी शून्याच्या किंचित खाली, उणे ०.३ पर्यंत ठेवतो. या पूलचा निर्देशांक १ च्या वर होता.

असं पाणी टाइल्सवर हळूहळू पांढरी रेघ सोडतं. पण सेलच्या आत, ज्या पट्टीवर हायड्रोजन सुटतो तिच्याजवळ पीएच बाकीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून खडा आधी तिथे बसतो. मशीन ठरावीक तासांनी पट्ट्यांचे ध्रुव उलटे करतं तेव्हा तो सुटून पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे ते पापुद्रे म्हणजे मशीन स्वतःला साफ करायची धडपड करत असल्याची खूण होती. सेल काढून पाहिला तर पट्ट्यांमधल्या फटी निम्म्या बुजलेल्या.

मालकांच्या एका ओळखीच्यांनी सेल स्क्रूड्रायव्हरने खरवडायचा सल्ला दिला होता. तसं केलं तर लेप जातो आणि लेप गेला की सेल भंगारात. एक भाग अॅसिड चार भाग पाण्यात (अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही), त्यात पट्ट्या बुडवायच्या आणि फेस थांबेपर्यंत थांबायचं. तेही गरज पडली तरच, कारण प्रत्येक अॅसिड-स्नानात लेपही थोडा झिजतो.

मीठ गेलंच, आता पाऊस कामाला लावा

कागदोपत्री उपाय सोपा होता. दोन तृतीयांश पाणी काढा आणि नवं भरा. पण भरायचं कुठलं? बोअरच्या पाण्याचीच अल्कलिनिटी २६०, हार्डनेस अडीचशेच्या घरात. टँकरही आसपासच्या बोअरचेच. ते भरून स्टॅबिलायझर उतरला असता, खडा मात्र तसाच राहिला असता. अॅसिडने अल्कलिनिटी २४० वरून सत्तरवर आणायची तर तीस लिटरच्या वर अॅसिड, आणि कॅल्शियम तरीही जागच्या जागी.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, एकट्या जुलैत हजार सहज. हा पूल १४०० मिलिमीटर खोल. आभाळातून जे पाणी फुकट, कॅल्शियमशिवाय, अल्कलिनिटीशिवाय येणार आहे, ते असताना टँकर मागवणं मला पटेना. मालकांना सांगितलं: सेल काढून ठेवा, तिथे साधा पाइपचा तुकडा बसवा आणि सप्टेंबरपर्यंत मशीन विसरा.

"म्हणजे साडेतीनशे किलो मीठ पाण्यात?" ते फोनवर म्हणाले.

पाण्यातच टाकलं होतं ते. या सगळ्या प्रकरणात मीठ ही सर्वांत स्वस्त वस्तू, पण लोकांचा जीव नेमका तिच्यात अडकतो. सेलची किंमत ऐकल्यावर मिठाचं दुःख ओसरलं.

रिकामं करताना एक धोका असतो आणि तो गंभीर आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. अशा वेळी पूल पूर्ण रिकामा केला तर खालचा दाब अख्खं टाकं वर उचलू शकतो, तडे जातात, पाइप तुटतात. म्हणून पाणी निम्म्याच्या खाली कधीच न्यायचं नाही. आम्ही ४० सेंटीमीटर उतरवायचं ठरवलं, पावसाने भरू द्यायचं आणि पुन्हा ४० उतरवायचं. एका वेळी सुमारे २९ हजार लिटर. एकदा उतरवून भरलं की सगळे आकडे ७१ टक्क्यांवर येतात, दोनदा केलं की निम्म्यावर.

काढलेलं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न बरेचजण "मागे ओढ्यात" म्हणून संपवतात. पहिल्याच २९ हजार लिटरमध्ये सव्वाशे किलो मीठ होतं. बंगल्याच्या मागे फणस आणि आंब्याची कलमं, पलीकडे शेजाऱ्यांची भातखाचरं. क्लोरीन शून्यावर येऊ दिला, मुसळधार चालू असताना, थोडं थोडं करून पावसाच्या गटारात सोडलं. पाणी घेतलं तळाच्या ड्रेनमधून, कारण खारं पाणी जड, खाली राहतं, आणि गोडं पावसाचं वर तरंगतं. त्याच कारणाने नंतर, नुसत्या ओव्हरफ्लोवर सोडल्यावर, पाऊस चालू असताना पंप चालू ठेवायचा. पंप बंद असेल तर पावसाचं पाणी वरच्या वर वाहून जातं आणि जुनं पाणी खाली आरामात बसून राहतं.

तोवर शेवाळाचं काय? १६० स्टॅबिलायझरवर ते मारायला ६० पीपीएमच्या वर क्लोरीन लागला असता, म्हणून आधी दोन उतार होऊ दिले. ८० वर तीसेक पीपीएम पुरतं, म्हणजे दहा टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) ३० लिटर आणि पुढे पातळी टिकवायला रोज थोडं थोडं. हायपो ताजंच घ्यायचं, उन्हात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन आठवड्यागणिक उतरतो. गोळ्या पूर्ण बंद, मोरचूद बंद, ब्लीचिंग पावडरही बंद, कारण तिच्याबरोबर कॅल्शियम येतं. पीएच तेवढा अॅसिडने साडेसातवर आणला. ब्रश केअरटेकरने मारला, आणि मनापासून मारला.

पाणी खरंच साफ झालं का, हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचा, सकाळी ऊन यायच्या आत पुन्हा मोजायचा. रात्रीत ऊन नसतं, म्हणजे जो क्लोरीन गेला तो घाणीने खाल्ला. घट १ पीपीएमच्या आत आली की काम झालं.

सप्टेंबरची सुरुवात

पाऊस ओसरला तेव्हा स्टॅबिलायझर ४५, हार्डनेस १२०, अल्कलिनिटी ७०, तांबं ०.१ च्या आसपास. मीठ १६०० होतं. पावसाने ते तेराशेपर्यंत उतरवलं असतं, पण तीन महिन्यांच्या हायपोने थोडं परत भरलं.

आता दुखणं उलट होतं. १२० हार्डनेसचं पाणी टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट हळूहळू खातं. पावसाळ्यानंतर लोणावळ्यातल्या कित्येक पूलच्या टाइल्स सुटतात, त्याचं खापर गवंड्यावर फुटतं. १५ किलो कॅल्शियम क्लोराइड बादलीत विरघळवून घातलं, हार्डनेस २२० वर आला. बादली चटका बसेल इतकी तापते, प्लास्टिक पातळ असेल तर वाकते. स्टॅबिलायझर दोन किलो मोज्यात बांधून रिटर्नसमोर लटकवला, कारण ऑक्टोबरच्या उन्हाला ४५ कमी पडतो, ६५ ठीक. अल्कलिनिटी सत्तरवरच ठेवली. जुने पूलवाले १०० ते १२० सांगतात आणि गोळ्या वापरताना ते बरोबरही आहे, कारण गोळ्या आम्लधर्मी असतात. मशीनमध्ये उलट होतं. हायड्रोजनचे बुडबुडे पाणी ढवळतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका तो भरभर चढतो आणि तितकं अॅसिड जास्त लागतं.

मिठाबद्दल मालकांचा फोन आला. पेणच्या मिठागरातून कोणीतरी अगदी स्वस्तात जाडं मीठ देत होतं. त्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बारीक चिखल येतो. खायला ते चांगलं लागतं, सेलला नाही. किराणा दुकानातलं आयोडीनचं मीठ त्याहून नको, त्यात गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं फेरोसायनाइड लोखंडाचे डाग देऊ शकतं. शुद्ध केलेलं, ९९.५ टक्क्यांच्या वरचं, काहीही न मिसळलेलं मीठ मागवलं. लागणार होतं १६० किलो. तीनच गोण्या टाकल्या. वाढवणं कधीही सोपं, कमी करायला पाणी काढावं लागतं.

क्रमही सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. सेल बंद, पंप चालू, मीठ उथळ बाजूने पसरून टाकायचं आणि तळाशी ढीग राहिला तर ब्रशने हलवायचं. एक दिवस पाणी फिरू द्यायचं. मग मोजायचं. त्याआधीच हायपोने क्लोरीन ४ वर आणून ठेवायचा. मशीनला शून्यावरून क्लोरीन वर चढवायला लावायचं नाही, असलेला टिकवायला लावायचं. मीठ ३१०० आलं, मग सेल चालू.

पंपाचे तास मात्र वाढवावे लागले. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला दोनेक पीपीएम जातो आणि मशीन तासाला ०.२ पीपीएम बनवतं, म्हणजे दहा तास तरी हवेतच. विजेच्या बिलाबद्दल कुरकुर झाली, पण ती मशीन बसवतानाच व्हायला हवी होती. एक लाख लिटरला २० ग्रॅमचा सेल काठावरचा आहे. ३० ते ४० ग्रॅमचा घेतला असता तर तास कमी लागले असते आणि तो टिकलाही जास्त असता. शनिवारी वीस माणसं पाण्यात असतात, त्या रात्री केअरटेकर दोन लिटर हायपो घालतो. त्याला मशीनचा अपमान मानू नये.

क्लोरीन ३.५ ते ४ वर स्थिरावला. पीएच आठवड्यात ७.५ वरून ७.९ वर जातो, लिटर-दीड लिटर अॅसिडने परत येतो. आठवड्यातून दोनदा डीपीडी, महिन्यातून एकदा बाकी सगळं, इतकंच वेळापत्रक भिंतीवर लावलंय. काठाच्या शहाबादीवर मात्र लक्ष ठेवायला सांगितलंय. खारं पाणी वाळून दगडात मीठ फुलतं आणि पापुद्रे सुटतात, म्हणून शनिवार-रविवारनंतर काठ साध्या पाण्याने धुवायचा. स्टीलची शिडी ३०४ ग्रेडची निघाली, तिच्यावर गंजाचे ठिपके येणारच. बदलायची वेळ येईल तेव्हा ३१६ घ्यावी.

डिसेंबरात मशीनवर उलटा दिवा लागला: मीठ कमी, २६००. केअरटेकरने गोणी आणूनही ठेवली होती. किटने मोजलं तर मीठ ३०००, जवळपास जिथल्या तिथे. मशीन मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि १८ अंशांच्या पाण्यात ती कमी वाहते. सेलवर खडा धरला तरी असंच दिसतं, म्हणून आधी सेल उघडून पाहिला. पट्ट्या स्वच्छ होत्या. मीठ टाकलं नाही.

मालक आता पावसाळ्यासाठी कव्हर घ्यायचं म्हणताहेत, म्हणजे मीठ वाहून जाणार नाही. माझा त्याला विरोध आहे. आठ महिने बोअरचं पाणी भरून वाढलेलं कॅल्शियम, बांधलेला क्लोरीन, उरलंसुरलं तांबं, हे सगळं फुकटात धुऊन नेणारा तो एकच काळ आहे. त्याच्या बदल्यात तीन-चार गोण्या मीठ दरवर्षी जाईल, जाऊ दे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सेल काढून, धुऊन, कोरड्या खोलीत ठेवायचा, सप्टेंबरपर्यंत हायपो, आणि मीठ घटस्थापनेच्या सुमारास.